सुलैबियाहून बर्फाची तयारी

रेवा आणि ओम, मी बर्फ पाहिलेला नाही. फ्रिजमधला सोडून. तुमच्याकडे कॅनडाला मी आले ती दोन्ही वेळा उन्हाळ्यात, आणि तेव्हा तुमच्या शेतावर बर्फाऐवजी डास होते. तरीसुद्धा बर्फाच्या दिवसांसाठी ट्रॅक्टर कसा तयार ठेवायचा हे मला तुमच्या गावातल्या बऱ्याच लोकांपेक्षा नीट माहीत आहे. ही बढाई नाही. कुवेतमध्ये बसून असलं ज्ञान मिळवलं यात बढाई मारण्यासारखं काही नाही.

आमच्या मंडळाच्या संपादकबाईंनी यंदा दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या. मी म्हटलं, माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, मराठी लिहायला मला वेळ लागतो. त्या म्हणाल्या, "बँकेतले आणि आयटीतले लेख ढिगाने आलेत हो. ट्रॅक्टरवाल्या तुम्ही एकट्याच." म्हणून लेख अंकासाठी, पण लिहिते आहे तुमच्यासाठी. तुम्हाला मराठी ऐकून समजतं, वाचता येत नाही, तेव्हा बाबा वाचून दाखवेल. तो अडचणीचं वाक्य आलं की गाळतो. त्यामुळे एक प्रत आईच्या नावाने वेगळी पाठवली आहे.

मी सुलैबियाच्या औद्योगिक भागात, ट्रॅक्टर विकणाऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम करते. काउंटरच्या मागे बसते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. यंत्र बिघडलं आहे, ड्रायव्हर बिघडला आहे की मालकच, हे मी आधी ठरवते आणि मग कामाचा कागद आत पाठवते. साठी उलटली तरी मी अजून कामावर आहे, कारण इथे राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, नोकरीला बांधलेला असतो. भारतात निवृत्त झालेल्या माणसाला शाल देतात. इथे विमानाचं तिकीट देतात.

वाळवंटात ट्रॅक्टर घेतं कोण, असं मला प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतं. घेतात. दक्षिणेला आणि उत्तरेला सरहद्दीजवळ शेती आहे, काकडी आणि टोमॅटो होतात. घोड्यांचे तबेले आहेत, उंटांचे गोठे आहेत. आणि वाळू आहे. उन्हाळ्यात वायव्येचा वारा सुटला की धुळीचं वादळ येतं, त्याला इथे तोझ म्हणतात. तोझ येऊन गेलं की काल होता तो रस्ता आज नसतो. त्याच्या जागी गुळगुळीत, सुंदर, पूर्णपणे निरुपयोगी असा एक उंचवटा असतो. मग ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी पातं लावून रस्ता पुन्हा शोधून काढावा लागतो.

आता बर्फाचं ज्ञान कुठून आलं ते सांगते. आमचे ट्रॅक्टर बनवणारी परदेशातली कंपनी दरवर्षी पानगळीच्या सुमाराला जगातल्या सगळ्या विक्रेत्यांना एकच पत्रक धाडते: हिवाळ्याची तयारी. सगळ्या म्हणजे सगळ्या. कुवेतचं नाव यादीतून काढावं असं कधी कुणाला सुचलं नाही, आणि मीही कळवलं नाही. पहिल्या वर्षी आमच्या मॅनेजरने ते टोपलीत टाकलं. मी बाहेर काढून वाचलं, कारण आलेला कागद न वाचता टाकणं मला जमत नाही. वाचता वाचता लक्षात आलं की यात बर्फाच्या जागी वाळू लिहिली की सगळं आपलंच आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांना आधीच खुणेच्या काठ्या रोवून ठेवा. पातं जमिनीपासून बोटभर वर ठेवा, नाहीतर रस्त्याची खडीच उपसली जाईल. ढीग वाऱ्याच्या तोंडावर करू नका, पलीकडे करा. वाऱ्याच्या तोंडावर ढीग केला तर वारा तिथे अडखळतो आणि हातातलं सगळं रस्त्यावरच टाकून पुढे जातो. मी बर्फ खोडला, वाळू लिहिली, इंजिन गोठण्याच्या ठिकाणी इंजिन उकळण्याचं लिहिलं, आणि आमचं उन्हाळ्याचं पत्रक तयार झालं. मॅनेजरने ते वरच्या साहेबांना स्वतःच्या नावाने दाखवलं. त्याला बढती मिळाली, आणि मला दरवर्षी ते पत्रक करण्याचं कायमचं काम.

गिऱ्हाइकं मला उम्म निखिल म्हणतात, निखिलची, म्हणजे तुमच्या बाबाची, आई. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारणं हा मान असतो. आमचं बोलणं थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत चालतं आणि रागावल्यावर अरबीत. त्यातले एक अबू मिशारी, म्हणजे मिशारीचे वडील. एकदा कंटेनरमधून चुकून बर्फ उडवण्याचं यंत्र आलं. ट्रॅक्टरला पुढे लावायचं, समोरचा बर्फ गिळतं आणि धुराड्यातून लांब फेकतं. परत पाठवण्याचा खर्च जास्त, म्हणून ते आवारात पडून होतं. अबू मिशारींनी ते पाहिलं.

"हे काय आहे?"

"बर्फ फेकायचं यंत्र."

"वाळू फेकेल?"

"फेकेल. पण वाळू बर्फासारखी पडून राहत नाही. आतले दाते झिजतील, आणि फेकलेलं सगळं वारा कुठे नेईल ते सांगता येत नाही."

"उम्म निखिल, तू विकायला बसली आहेस की अडवायला?"

घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे पुरुषमंडळींची बैठक होती. तिच्याआधी फाटकासमोरची वाळू त्यांनी स्वतः साफ केली. शेजाऱ्याकडे त्या दिवशी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. दोन दिवसांनी अबू मिशारी काउंटरवर आले. मी तक्रारीचा कागद पुढे ओढला.

"तक्रार नाही," ते म्हणाले. "यंत्र उत्तम आहे. शेजारी खराब आहे."

दुसरं गिऱ्हाईक सांगते, ते हसण्यासारखं नाही. अबू सालेम म्हणून म्हातारे गृहस्थ होते. सरहद्दीजवळ त्यांचं शेत, तिथेच एकटे राहत. प्रत्येक तोझनंतर शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट ते स्वतः ट्रॅक्टरने मोकळी करत. डॉक्टरांनी मनाई केली होती, मुलांनी विनवण्या केल्या होत्या. मग एका उन्हाळ्यात ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप गेला. पातं उचलेना. मॉडेल जुनं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा सालेम एकटाच आला. शिकलेला, नम्र मुलगा. दार लावून घेऊन म्हणाला, "खालती, एक विनंती आहे." खालती म्हणजे मावशी. "बाबांना सांगा की हा पार्ट आता मिळत नाही. एवढंच. ट्रॅक्टर बंद पडला की ते शेत सोडून आमच्याकडे राहायला येतील. तुमचं म्हणणं ते मानतात."

त्याचं चुकत नव्हतं. पण पार्ट मिळत होता. मी कॉम्प्युटरवर पाहिला होता, दुबईच्या गोदामात होता. मी म्हटलं, "बाबांना घरी आणायचं तर तू आण. ते काम पंपाचं नाही." आणि पंप मागवला. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे काही वर्षांनी अबू सालेम गेले, शेतावरच, झोपेत. सालेम ट्रॅक्टर विकायला आला तेव्हा म्हणाला, "खालती, तुमच्यामुळे ते शेवटपर्यंत तिथे राहिले. तुमचे आभार मानायचे की नाहीत ते माझं अजून ठरलेलं नाही." मी त्याला चहा दिला. माझंही ठरलेलं नव्हतं.

आता तुमच्या घराकडे येते.

तुमच्या बाबाने दोन वर्षांपूर्वी शहरातलं घर सोडून ते शेत घेतलं, सोबत जुन्या मालकाचा ट्रॅक्टर घेतला, आणि पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही सगळे आत अडकून पडलात. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची तुमची वाट लांब आहे, आणि ती मोकळी करायला ठरवलेला माणूस आलाच नाही. तुमची आई नर्स. ती पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या नर्सला घरी जाता येत नाही. त्या दिवशी ती पोचली नाही, आणि कोणीतरी दुसरी सोळा तास उभी राहिली. तुमच्या आईने, सायलीने, संध्याकाळी निखिलला शांतपणे सांगितलं, "आणखी एक हिवाळा देते. असा एक दिवस पुन्हा आला, तर घर विकून गावात जायचं." ती शांतपणे बोलली की निखिल घाबरतो. लहानपणी मी शांतपणे बोलले की घाबरायचा.

त्याने मला फोन केला. "आई, ट्रॅक्टर तयार करायला मदत कर. तुला ते पत्रक पाठ आहे."

थोड्या वेळाने सायलीचा फोन. "आई, एक सांगू का? तुम्ही त्याला मदत करू नका."

मुलांनो, मी तुमच्या आईच्या बाजूची होते. उघडच सांगते. आजोबा कुवेत शहरात, मिरकाबच्या ऑफिसात हिशेब तपासतात, तेही आता फार दिवस चालणार नाही. आमच्या हातात तिकीट पडलं की वर्षातले काही महिने तुमच्याकडे काढायचे असं ठरतं आहे. गावात दवाखाना आहे, बस आहे, चालत जाता येईल असं वाण्याचं दुकान आहे, दोन मराठी घरं आहेत. शेतावर काय आहे? तुम्ही, कुत्रा, आणि क्षितिज. मी सायलीला म्हटलं, "मी तुझ्या बाजूची आहे. पण त्याने विचारलं तर उत्तर द्यावं लागेल." ती म्हणाली, "मग विचारेल तेवढंच सांगा."

हे मला बरोबर वाटलं. विचारेल तेवढंच.

ऑक्टोबरात दर शनिवारी, माझी संध्याकाळ आणि तुमची सकाळ, आम्ही व्हिडिओवर बसायचो. निखिल विचारायचा, मी सांगायचे. इंजिनचं तेल पातळ घाल. डिझेल हिवाळ्याचं भर, उन्हाळ्याचं थंडीत तुपासारखं थिजतं. बॅटरी तपास. इंजिन गरम ठेवणारा हीटर असतो, त्याची वायर उंदरांनी खाल्ली आहे का बघ. खाल्ली होती. तुम्ही दोघांनी वाटेच्या कडेने केशरी काठ्या रोवल्या. जमीन गोठायच्या आत ते काम करावं लागतं. ओमने एक काठी वाटेच्या मधोमध रोवली होती, ती रेवाने उपटायला लावली.

एका शनिवारी निखिल फोन हातात धरून ट्रॅक्टरभोवती फिरत मला दाखवत होता. मागच्या मोठ्या चाकाखाली जमीन ओली दिसली.

"ते काय रे?"

"टायरमध्ये पाणी भरलं. वजनाला. आपल्या वर्कशॉपमध्ये भरतात तसं."

बरोबर आहे. आमच्याकडे वाळूत चाक फिरून रुतू नये म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. निखिल शाळेतून वर्कशॉपला यायचा आणि आमचे फोरमन हमीदभाई नळी लावून टायर भरत असले की पाहत उभा राहायचा. कुवेतमध्ये वाढलेल्या मुलाला पाणी उकळतं हे माहीत असतं. ते गोठतं हे त्याच्या स्वप्नातही नसतं. कॅनडात इतके हिवाळे काढलेला मुलगा, पण हात अजून सुलैबियाचे. तुमच्याकडच्या थंडीत टायरच्या तळाशी त्या पाण्याची लादी होते. चाक फिरलं की लादी सुटून आत आपटते, हवेचा व्हॉल्व्ह उपटून टाकते, आणि ट्रॅक्टर आहे तिथे बसतो. पहिल्याच मोठ्या बर्फाला.

"ठीक आहे ना आई?" असं त्याने विचारलं नाही. तो बॅटरीबद्दल विचारत होता. मी बॅटरीबद्दल सांगितलं.

फोन ठेवला आणि चहा केला. विचारेल तेवढंच सांगायचं ठरलं होतं आणि मी ठरल्याप्रमाणे वागले होते. एवढं सरळ वागून इतकं अस्वस्थ मला याआधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, हमीदभाईंना सांगितलं. ते रत्नागिरीकडचे, माझ्याइतकेच जुने.

"मग सांगितलंत की नाय त्याला?"

"नाही."

"नका सांगू. सून गावात जाईल, तुम्हालाही बरं. ट्रॅक्टरचं काय, टायर नवा येतो." मग चष्मा पुसत म्हणाले, "अबू सालेमचा पंपच तेवढा तुम्ही उगाच मागवलात."

"हमीदभाई, तुम्हाला काम नाही का?"

"हाय की. तुमच्याच काउंटरवरून कागद यायचाय."

त्यांना कागद दिला आणि निखिलला फोन लावला. तुमच्याकडे पहाट होती. "पाणी काढ," मी म्हटलं. "आजच. टायरवाल्याकडे न गोठणारं द्रव मिळतं, बिटाच्या रसापासून केलेलं, ते भर." झोपेतल्या माणसाला जेवढं समजतं तेवढं त्याला समजलं. दोन दिवसांनी रेवाचा निरोप आला: आजी, द ट्रॅक्टर इज ड्रिंकिंग बीट ज्यूस. संध्याकाळी सायलीचा आला. त्यात फक्त एवढंच होतं: "आई, त्याने विचारलं होतं?"

मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं: "नाही." तिने अंगठा पाठवला. अंगठ्यातून स्वर कळत नाही, ही त्या सोयीची मोठी सोय आहे.

जानेवारीत तुमच्याकडे मोठा बर्फ पडला. मी काउंटरवर होते, जेवणाची वेळ होत आली होती, समोर एक तबेलेवाले गृहस्थ क्लचची तक्रार सांगत होते. फोन वाजला. सायलीचा. तिकडे पहाटेचे पाच. ती त्या वेळी मला कधीच फोन करत नाही. मी गिऱ्हाइकाला हात जोडून फोन घेतला.

"आई, निखिलला फ्लू झालाय. उठता येत नाहीये. मला सातला वॉर्डवर पोचायचंय."

"बरं."

"मी ट्रॅक्टरवर बसलेय."

मागे इंजिनचा आवाज येत होता. पहिल्या झटक्यात सुरू झालेल्या इंजिनचा आवाज वेगळा असतो; मला तो ओळखता येतो, आणि त्या क्षणी नको इतका ओळखता आला.

"मला कारसारखा क्लच माहीत आहे. पुढे काय?"

सांगितलं. पातं बोटभर वर. पहिला गियर. घाई नाही. चाकं फिरली, आत काही आपटलं नाही. मग ती म्हणाली, "बर्फ कुठल्या बाजूला लोटू? दोन्हीकडे सारखाच दिसतोय."

"वारा कुठून येतोय?"

"मला काय माहीत? सगळीकडून."

"टोपी वर कर. कुठला गाल झोंबतोय?"

जरा वेळाने आवाज आला, "डावा."

"मग उजवीकडे लोट. काठ्यांच्या बाहेर, जितका लांब जाईल तितका. आज जवळ टाकलास तर तो तिथेच गोठेल आणि पुढच्या वेळी वाट अरुंद होईल."

बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मधूनच ती काहीतरी पुटपुटायची, ते मी इथे लिहीत नाही. एकदा म्हणाली, "अहो आई, हे जातंय." नंतर, "काठी दिसली. आणखी एक दिसली." मी फोन कानाला लावून उभी होते आणि तबेलेवाले गृहस्थ खुर्चीत बसून, स्वतःचा क्लच विसरून, माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी इंजिन मंद झालं.

"मोठ्या रस्त्याला लागले," सायली म्हणाली. ती धापा टाकत होती. "परत जाऊन कार काढते. वेळेत पोचते."

"छान केलंस."

"आई, वळणाजवळ मी जरा उगाच जास्तच रुंद केलं. गरज नव्हती."

"मग का केलंस?"

"तसंच. करावंसं वाटलं."

 गावात जाण्याच्या बाजूने माझ्याखेरीज दुसरं मत होतं ते तिचं, आणि ते मी स्वतः पहिल्या गियरमध्ये घालून मोठ्या रस्त्यापर्यंत नेऊन पोचवलं होतं.

"घराचं निखिलशी मी बोलेन," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्यात काही सांगू नका. आणि वसंतात बर्फ वितळला की खडी पुन्हा पसरायची असते म्हणे. त्याला पातं कसं धरायचं?"

"थोडं तिरकं. शनिवारी दाखवते."

फोन ठेवला. तबेलेवाल्यांनी विचारलं, "उम्म निखिल, सगळं ठीक? कोण होतं?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं. "कॅनडाचं."

"तक्रार आहे?"

"नाही," मी म्हटलं आणि त्यांच्या क्लचचा कागद पुढे ओढला. "तक्रारच राहिली नाही."